अभिजात कादंबरीची मांगा करताना: नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

जुनी, नावाजलेली कादंबरी मांगात, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथेत, आणायची म्हटलं की बहुतेक जण आधी कथानकाचा सारांश काढायला बसतात. हे घडलं, मग ते घडलं, शेवटी अमुक मेला. मग त्या सारांशाला चित्रं लावायची. असं पुस्तक वाचून परीक्षेपुरती गोष्ट कळते, पण ती कादंबरी दीड-दोनशे वर्षं लोकांनी का जपली ते कळत नाही. गोष्टी काय, हजारो असतात. जपली जाते ती गोष्ट सांगणाऱ्याची नजर. ती नजर चित्रांत उतरवणं हेच खरं काम, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

ही वाट बरीच मळलेली आहे. जपानचे नामवंत मांगाकार ओसामु तेझुका यांनी १९५० मध्ये ‘फाउस्ट’ची आणि १९५३ मध्ये दोस्तोयेव्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ची मांगा केली, तीही मुलांसाठी. वाकी यामातो यांनी अकराव्या शतकातली ‘गेंजी मोनोगातारी’ १९७९ ते १९९३ एवढ्या काळात ‘आसाकि युमेमिशी’ या नावानं चितारली. मूळ दरबारी भाषा न झेपणारे जपानी विद्यार्थी आधी ही मांगा हातात घेतात. २००७ मध्ये ईस्ट प्रेस या जपानी प्रकाशकाची ‘मांगा दे दोकुहा’ ही मालिका सुरू झाली. एका छोट्या पुस्तकात एक गाजलेला ग्रंथ अशी तिची रीत, आणि त्यात कादंबऱ्यांबरोबर मार्क्सचं ‘भांडवल’सुद्धा आलं. २०१४ पासून इंग्रजीत ‘मांगा क्लासिक्स’ निघू लागल्या. ज्युंजी इतो यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट रूपांतराचा आइस्नर हा चित्रकथांसाठीचा अमेरिकी पुरस्कार मिळाला. यामातो यांनी तेरा खंड घेतले, कुणी एकाच पुस्तकात उरकलं. दोन्ही रीती चालतात, मात्र आपण कुठली धरतोय ते सुरुवातीलाच ठरलेलं हवं.

या लेखात उदाहरणासाठी मी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’च धरणार आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन एक जीव निर्माण करतो आणि त्याला बघून घाबरून पळतो, गोष्ट तिथून सुरू होते. सगळ्यांना ती माहीत असल्यासारखी वाटते आणि फार थोड्यांनी वाचलेली असते. रूपांतर करणाऱ्याला याहून चांगली संधी नाही.

पहिली पायरी: निवड आणि हक्क

पहिल्या खेपेला हजार पानांचा ग्रंथ घेऊ नका. पात्रं मोजकी असलेली, प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहणारी आणि तुम्हाला मनापासून आवडलेली कादंबरी घ्या. आवडीचा मुद्दा मी भावनेच्या भरात लिहीत नाही. हे काम महिनोन्‌महिने चालतं, आणि नुसती प्रसिद्ध म्हणून घेतलेली कादंबरी पन्नासाव्या पानावर नकोशी होते.

मनातले विचार जास्त असलेली कादंबरी चित्रात आणणं अवघड, असा समज आहे. मला तो पटत नाही. मांगाला मनात शिरण्याचे रस्ते चांगले माहीत आहेत: चेहऱ्यामागची पार्श्वभूमी काढून टाकायची, चौकटी मोडायच्या, कोऱ्या जागेत एकच ओळ सोडायची. खरी अडचण येते ती लेखक स्वतः मधेमधे बोलतो तिथे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं ते प्रसिद्ध पहिलं वाक्य कुठल्याच पात्राच्या तोंडी नाही, ते निवेदिकेचं आहे. त्यातला मिश्कीलपणा कुणाच्या तोंडी द्यायचा, की निवेदनाच्या पट्टीत ठेवायचा, की एखाद्या चेहऱ्यावर नुसता दाखवायचा? असे निवेदक पहिल्या खेपेला टाळलेले बरे.

मग हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. युरोपीय संघात ही मुदत ७० वर्षं आहे. जपाननं डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ती ५० वरून ७० वर नेली. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. इंटरनेटवर टाकलेलं काम सगळीकडे दिसतं, त्यामुळे यांतला सगळ्यात कडक नियम धरून चाला. मेरी शेली १८५१ मध्ये गेल्या, म्हणजे तिथे काळजी नाही.

पण दोन ठिकाणी नवखे हमखास अडकतात. मूळ कादंबरी मुक्त असली तरी तिच्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. तुम्ही अनुवाद समोर ठेवून त्याची वाक्यं संवादाच्या फुग्यांत उतरवलीत, तर परवानगी लागते. दुसरं म्हणजे चित्रपटातली रूपं. सपाट टाळू आणि मानेत बोल्ट असलेला तो चेहरा १९३१ च्या चित्रपटातला आहे, कादंबरीत तो कुठेच नाही. तो उचलू नका. कायद्यासाठी तर नकोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या वाचकाला तो आधीच पाठ आहे.

आवृत्तीही नक्की करा. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या दोन आवृत्त्या आहेत, १८१८ ची आणि लेखिकेनं स्वतः बदललेली १८३१ ची. पहिलीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची आत्येबहीण आहे, दुसरीत ती कुटुंबानं सांभाळलेली अनाथ मुलगी आहे. दोन्हींची सरमिसळ झाली तर नात्यांचा घोळ होतो. मुक्त झालेल्या पुस्तकांच्या संहिता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतात, जपानी पुस्तकांसाठी आओझोरा बुनको आहे.

दुसरी पायरी: तीनदा वाचा

पहिल्यांदा नुसतं वाचा, पेन्सिल लांब ठेवून. कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, कुठे पानं मागे उलटलीत, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या आणि फक्त दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. उजेड कुठून येतोय, कोण कुठे उभं आहे, हात काय करताहेत. तिसऱ्यांदा या रेघा मारलेल्या जागा एका वहीत क्रमानं उतरवा आणि काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघा. रूपांतराची किल्ली बहुतेक वेळा इथेच सापडते.

‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये असं केलं की एक विलक्षण गोष्ट वर येते. तो निर्माण केलेला जीव सतत कुठल्या तरी फटीतून, पडद्याआडून, खिडकीबाहेरून आत बघत असतो. पहिल्याच रात्री तो व्हिक्टरच्या पलंगाचा पडदा वर धरून उभा असतो. मग खोपटाच्या भिंतीतल्या फटीतून तो महिनोन्‌महिने डी लेसी कुटुंबाचं जगणं बघतो, भाषासुद्धा तिथेच शिकतो. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनीच्या बेटावर चंद्रप्रकाशात तो खिडकीशी दिसतो. लग्नाच्या रात्री, एलिझाबेथ मरून पडलेली असताना, उघड्या खिडकीत पुन्हा तोच. आणि अखेरीस जहाजाच्या केबिनच्या खिडकीतून तो बाहेर उडी घेतो आणि अंधारात नाहीसा होतो. हा धागा कथानकाच्या सारांशात कधीच सापडणार नाही. पण चित्रकारासाठी तो अख्ख्या पुस्तकाचा कणा आहे.

तिसरी पायरी: एक वाक्य लिहा, मग कात्री घ्या

वहीत सापडलेल्या धाग्यावरून एक वाक्य लिहा. माझं असं असेल: ‘आत घेतील या आशेनं खिडकीबाहेर उभा असलेला एक जण, आणि दार न उघडणारा त्याचा निर्माता.’ तुमचं वेगळं असू शकतं. विज्ञानाच्या मर्यादांवर असेल, बाप होण्याच्या जबाबदारीवर असेल. पण वाक्य एकच ठेवा, ते कागदावर लिहून समोर चिकटवा आणि प्रत्येक प्रसंग त्याच्याशी ताडून बघा.

काय गाळायचं हे प्रकरणाच्या लांबीवरून ठरवू नका. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये वॉटर्लूच्या लढाईला एकोणीस प्रकरणं दिली आहेत. कथेतल्या माणसांना थेट भिडतं ते त्यातलं शेवटचं: रात्री रणांगणावर प्रेतांचे खिसे चाचपणारा तेनार्दिये. मांगात हे एक प्रकरण नीट आलं तर मागची अठरा दोन-चार पानांत, धूर आणि चिखलाच्या मोठ्या चित्रांत मावतात. उलट पहिल्या भागातला बिशपचा मजकूर कितीही संथ वाटला तरी उडवता येत नाही. तो माणूस कसा आहे हे आधी मुरलेलं नसेल, तर चोरी करून पकडल्या गेलेल्या माणसाला तो वर चांदीची मेणबत्तीदानं देऊन टाकतो, हा प्रसंग नुसता योगायोग वाटतो. ताकाहिरो आराइ यांनी याच कादंबरीला २०१३ ते २०१६ मध्ये आठ खंड दिले. तेवढी ऐसपैस जागा नसेल तर कात्री जास्त विचार करून चालवावी लागते.

‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये ऱ्हाइन नदीचा आणि इंग्लंडचा प्रवास एका जोडपानात उरकता येईल. जस्टिनचा खटला मात्र अनेक रूपांतरांत घाईनं संपवतात, आणि मला ती मोठी चूक वाटते. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम याच्या खुनाबद्दल जस्टिन या निरपराध मुलीला फाशी होते. खरा खुनी कोण असावा याची व्हिक्टरला खात्री असते, तरी आपल्यावर कोण विश्वास ठेवेल या विचारानं तो गप्प बसतो. त्या जिवाचा हात कुणाच्या गळ्याशी जातो याहून, व्हिक्टर न्यायालयात बसून बोलत नाही हे जास्त भयंकर आहे. इथे पानं वाढवा.

शेवट बदलायचा का? तेझुका यांनी ‘गुन्हा आणि शिक्षा’त सैबेरियातला उपसंहार घेतला नाही. त्यांचा नायक, खून केलेला रास्कोल्निकोव्ह, गदारोळ माजलेल्या चौकात ओरडून कबुली देतो आणि ती ऐकायला कुणाला सवड नसते. हा बदल धाडसी आहे, पण तो पुस्तकाच्या आतून आलेला आहे. मूळ कादंबरीतही तो चौकात गुडघे टेकतो तेव्हा लोक त्याला दारुडा समजून हसतात. बदल करायचाच असेल तर असा, मूळ मजकुरात ज्याचं बी आहे तो करा. वाचकाला बरं वाटावं म्हणून एलिझाबेथला जिवंत ठेवणं हा बदल नव्हे, ती पळवाट आहे.

चौथी पायरी: पानांचा हिशोब

१८३१ च्या आवृत्तीत चार पत्रं आणि चोवीस प्रकरणं आहेत. समजा तुमच्याकडे २०० पानं आहेत, म्हणजे जपानी खंडाएवढी. ती प्रकरणांत सारखी वाटली की पुस्तक सपाट झालंच म्हणून समजा. मी वॉल्टन या दर्यावर्दीच्या सुरुवातीच्या पत्रांना ८ पानं देईन, बालपण आणि विद्यापीठाला २०, निर्मितीच्या रात्रीला आणि तिच्या पडसादांना २२, विल्यम आणि जस्टिनला २६. मग त्या जिवाच्या आत्मकथनाला तब्बल ५२, कारण तो कादंबरीचा मध्य आहे आणि नव्या वाचकाला सगळ्यात अनोळखी भागही तोच आहे. उरलेली ७२ पानं त्या जिवानं जोडीदारीण मागणं, ऑर्कनी, व्हिक्टरचा मित्र क्लर्व्हल याचा मृत्यू, लग्न आणि बर्फातला पाठलाग यांत वाटायची.

या कादंबरीत आणखी एक गुंता आहे. वॉल्टन बहिणीला पत्रात सांगतोय, त्यात व्हिक्टर सांगतोय, त्यात तो जीव सांगतोय. एकात एक तीन निवेदक. बरेच जण वॉल्टनला सरळ काढून टाकतात. मी ठेवेन, पण थरांची ओळख चित्रानंच करून देईन. मांगात भूतकाळासाठी चौकटींमधली मोकळी जागा काळी करण्याची जुनी रीत आहे. तेव्हा वॉल्टनची पानं पांढरी, व्हिक्टरची काळ्या पट्ट्यांची. आणि त्या जिवाची? तो सांगतो की सुरुवातीला दिसणं, ऐकणं, वास, स्पर्श सगळं एकदमच आदळत होतं, वेगळं करता येत नव्हतं. मग त्याची पहिली पानं चौकटींशिवायच काढा. डाग, उजेड, एकमेकांत मिसळलेली पानं-फांद्या. आग, पक्षी, चंद्र ओळखू येऊ लागले की एकेक रेघ येऊ दे. तो भाषा शिकला की चौकटी पुऱ्या होतील. कादंबरीनं वाक्यांतून जे केलं ते इथे पानाची रचनाच करते. रूपांतर म्हणतात ते याला.

पाचवी पायरी: माणसं आणि त्यांचं जग

पात्रांचे चेहरे काढण्यापूर्वी मजकुरातलं वर्णन शब्दशः उतरवून घ्या. तो जीव सुमारे आठ फूट उंच आहे. कातडी पिवळसर, खालचे स्नायू आणि शिरा जेमतेम झाकणारी. केस काळेभोर, चमकदार, मोकळे. दात मोत्यासारखे पांढरे. ओठ काळे, सरळ रेषेसारखे. व्हिक्टरनं अवयव सुंदर निवडले होते, भयंकर झालं ते एकत्र आल्यावर. हे चित्रकारासाठी सोनं आहे: प्रत्येक अवयव वेगळा बघितला तर देखणा, पूर्ण चेहरा बघवत नाही.

मग प्रत्येक पात्र फक्त काळ्या सावलीत काढून बघा. सावलीवरून कोण ते ओळखता आलं नाही तर केशरचना, खांदे, उभं राहण्याची ढब बदला. काळ अठराव्या शतकाचा शेवट आहे. कपडे, दिवे, खुर्च्या, वैद्यकीय हत्यारं यांसाठी न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि आम्सटरडॅमचं राइक्सम्यूझियम यांचे खुले चित्रसंग्रह आहेत. एक सांगून ठेवतो: कादंबरीतल्या निर्मितीच्या प्रसंगात विजेचा लखलखाट, फिरती चाकं, कुबडा मदतनीस यातलं काही नाही. निर्मितीच्या खोलीत व्हिक्टर एकटा आहे, बाहेर पाऊस आहे आणि मेणबत्ती विझत आली आहे.

सहावी पायरी: ‘नेम’

जपानमध्ये मांगाच्या कच्च्या आराखड्याला ‘नेम’ म्हणतात. चौकटी, फुगे, काडीची माणसं आणि संवाद, एवढंच त्यात असतं. संपादक वाद घालतात तो यावरच, आणि तुमचाही सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा. नेम बिघडलं असेल तर पुढचं कितीही सुंदर रेखाटन त्याला वाचवत नाही. छोट्या कागदावर, पटकन पुसता येईल असं काढा. आणि नेहमी जोडपानं काढा, सुटं पान नाही. वाचकाला समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतात, आणि लपवता येतं ते फक्त पान उलटल्यावरचं.

निर्मितीच्या रात्रीचा नेम बघू. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून उलटण्याआधीचं शेवटचं पान उजवं. जपानी क्रमानं काढत असाल तर हे उलट होईल.

उजव्या पानावर पाच चौकटी. वर आडवी, रुंद: काळी काच, तिच्यावर ओघळणारं पाणी. खाली दोन लहान: वितळून बुटकी झालेली मेणबत्ती, आणि टेबलावर मांडलेली हत्यारं. मग व्हिक्टरची पाठ, वाकलेली, चेहरा नाही. शेवटी उजव्या कोपऱ्यात एकदम छोटी चौकट: त्याच्या बोटांवरून निथळणारा मेणबत्तीचा मंद उजेड. संवाद नाही. निवेदनाची एकच ओळ, सगळ्यात वर: ‘रात्रीचा एक वाजला होता.’

पान उलटलं की डावं पान पूर्ण, एकच चित्र. एक उघडा डोळा.

आता डोळा पिवळा, निस्तेज आहे आणि आपल्याकडे रंग नाही. इथे मांगाचीच एक सवय उपयोगी पडते. मांगातल्या डोळ्यात बुबुळावर उजेडाचा पांढरा ठिपका असतो, त्यानंच डोळा जिवंत वाटतो. तो ठिपका देऊच नका. बुबुळ आणि भोवतालचा भाग जवळजवळ एकाच फिकट छटेत ठेवा. वाचकाला का ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच जाणवेल. आणि हा ठिपका राखून ठेवा. बऱ्याच पानांनंतर, खोपटाच्या फटीतून तो आंधळ्या म्हाताऱ्याचं वाद्य पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा तो ठिपका त्याच्या डोळ्यात पहिल्यांदा येऊ दे.

याच रात्रीची दुसरी कळीची जागा पलंगापाशी आहे. व्हिक्टर घाबरून झोपायच्या खोलीत पळालाय, वाईट स्वप्नातून दचकून जागा झालाय आणि चंद्राच्या उजेडात तो पडदा वर धरून उभा आहे. काहीतरी अस्पष्ट पुटपुटतो, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या पडतात, एक हात पुढे येतो. आपल्याला अडवायलाच तो हात पुढे आला असावा असं व्हिक्टर सांगतो आणि जिन्यावरून खाली धूम ठोकतो. पण नुकताच जन्मलेला तो जीव, पहिल्यांदा दिसलेल्या माणसाकडे हात पुढे करतोय, असंही हे वाचता येतं. कादंबरी निवाडा करत नाही, तुम्हीही करू नका. हात व्हिक्टरच्या डोळ्यांतून काढा: अंगावर आलेला, चौकट भरून उरलेला, मागचा चेहरा अंधारात. मात्र बोटं आवळू नका. तळवा उघडा ठेवा. पहिल्यांदा वाचणारा व्हिक्टरबरोबर पळेल. पुस्तक संपवून परत या पानावर आलेल्याला तो तळवा दिसेल.

प्रत्येक प्रकरणात अशी एक तरी जागा शोधा, जिथे चित्र निवेदकाच्या म्हणण्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं. सगळीकडे नको, दमछाक होते.

सातवी पायरी: शब्द

चित्रात जे दिसतंय ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही, हा पहिला नियम. पाऊस काढलाय तर ‘बाहेर पाऊस पडत होता’ हे खोडा. एका फुग्यात एक विचार ठेवा. पानभर मिळून ऐंशी-नव्वद शब्दांवर गेलात तर ते पान वाचलं जाईल, बघितलं जाणार नाही. तरीही मूळ पुस्तकाचा आवाज हरवू नये म्हणून प्रत्येक प्रकरणात मुळातली एक-दोन वाक्यं जशीच्या तशी, फार सोपी न करता, स्वतः अनुवाद करून ठेवा. नव्या वाचकासाठी लिहितोय म्हणजे बाळबोध लिहायचं असं नाही. अवघड शब्द चेहऱ्याशेजारी आला की बहुतेकदा समजतो.

तो जीव गुरगुरणारा नाही. त्यानं मिल्टन, प्लूटार्क आणि गटे वाचलेत आणि तो व्हिक्टरपेक्षा चांगलं बोलतो. त्याला तुटक वाक्यं दिलीत तर कादंबरीचा अर्धा अर्थ गेला. मराठीत तू-तुम्हीचा तक्ताही आधीच करून ठेवा: कोण कुणाला काय म्हणतं आणि कुठल्या प्रसंगानंतर ते बदलतं. मी त्या जिवाला हिमनदीवरच्या भेटीत व्हिक्टरला ‘तुम्ही’ म्हणायला लावेन, आणि ऑर्कनीला व्हिक्टर जोडीदारीण फाडून टाकतो त्या क्षणापासून ‘तू’.

जपानी मजकूर उभा चालतो म्हणून तिथले फुगे उंच आणि अरुंद असतात. ते बघून शिकलेले लोक देवनागरीसाठीही तसेच फुगे काढतात आणि मग शब्द मधेच तुटतात. आपल्याला रुंद फुगे लागतात, आणि वेलांट्या-उकार एकमेकांना घासू नयेत म्हणून ओळींत अंतरही थोडं जास्त. चित्र आधी आणि अक्षरं मग असं न करता, नेममध्येच अक्षरं खऱ्या मापात बसवून बघा.

आवाजांचे शब्द हातानंच काढा, ते चित्राचाच भाग असतात. टपटप, कर्रर्र, सणसण, धाडकन यांत मराठीला कुणाकडून उसनं घ्यावं लागत नाही.

आठवी पायरी: पक्कं काम

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे सरावानं येतं. कागदावर काम करत असाल तर जपानी व्यावसायिक मूळपान बी-४ आकाराचं असतं. त्यात आतली चौकट १८० बाय २७० मिलिमीटर आणि कापल्यावर उरणारं पान २२० बाय ३१० मिलिमीटर. फुगे आणि चेहरे आतल्या चौकटीत ठेवा. चित्र कडेपर्यंत न्यायचं असेल तर कापण्याच्या रेषेबाहेर किमान ५ मिलिमीटर जाऊ द्या, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते.

डिजिटलसाठी क्लिप स्टुडिओ पेंट सगळ्यात जास्त चालतं. क्रिता आणि मेडिबँग फुकट मिळतात आणि सुरुवातीला पुरतात. छपाईसाठी काळं-पांढरं पान किमान ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ठेवा. राखाडी छटेसाठी ठिपक्यांचा टोन वापरला असेल तर पान फोनसाठी लहान केल्यावर त्यात लाटा-लाटांची नक्षी उमटते, म्हणून वेबसाठीची प्रत साध्या राखाडी छटेत वेगळी काढा आणि खऱ्या फोनवर उघडून बघा.

नववी पायरी: दोन वाचक

नेम पूर्ण झाला की, पक्कं रेखाटन सुरू करण्याआधी, दोन माणसांना द्या. एकानं मूळ कादंबरी वाचलेली असावी, दुसऱ्यानं मुळीच नाही. शेजारी बसून समजावू नका. न वाचलेल्याला एवढंच विचारा: कोण कुणाचं कोण, कुठे गोंधळलास, कुठलं पान परत उलटलंस? वाचलेल्याला विचारा: तुझ्या आठवणीतलं काय इथे सापडलं नाही? पहिल्याचे गोंधळ सगळेच्या सगळे दुरुस्त करा. दुसऱ्याच्या तक्रारी तुमच्या त्या एका वाक्याशी ताडून बघा, काही घ्या, काही सोडा.

पुस्तकाच्या शेवटी एक पान मोकळं ठेवा. कुठली आवृत्ती वापरली, काय गाळलं, काय बदललं आणि का, हे तिथे सरळ लिहा. नव्या वाचकाला मूळ पुस्तकात आणखी काय आहे याचा पत्ता तिथेच मिळतो, आणि जुन्या वाचकाशी प्रामाणिक राहिल्यासारखं होतं.

एकदम दोनशे पानांना हात घालू नका. वर सांगितलेली निर्मितीची रात्र, पावसापासून ते व्हिक्टर अंगणात येरझारा घालतो तिथपर्यंत, साधारण सोळा पानांची होते. ती आधी पुरी करा: नेम, अक्षरं, पक्की रेघ, फोनवरची प्रत, दोन वाचक. मग पानांचा तक्ता उघडा आणि पुढचा आकडा टाका.